बर्फावर चालणारं स्टर्लिंग इंजिन घरी कसं बांधायचं

कमी तापमान-फरकावर चालणारं स्टर्लिंग इंजिन (बंद डब्यातली हवा आळीपाळीने तापून आणि थंड होऊन फिरणारं इंजिन) म्हटलं की तळहातावर ठेवलेलं आणि हाताच्या उबेवर फिरणारं इंजिन डोळ्यासमोर येतं. मुंबईत ते बहुधा फिरणार नाही. खोलीत ३० अंश आणि तळहाताची त्वचा ३३-३४ अंश, म्हणजे हातात उरतात तीन-चार अंश. अशी इंजिनं रचणारे अमेरिकी प्राध्यापक जेम्स सेनफ्ट यांनी हाताच्या उबेसाठी खास बांधलेल्या एन-९२ या इंजिनालाही साधारण सहा अंशांचा फरक लागायचा. त्यामुळे पहिल्यांदा बांधणाऱ्याने तळहाताचा नाद सोडावा आणि बर्फ धरावा. खालची प्लेट बर्फावर आणि वरची प्लेट मुंबईच्या हवेत ठेवली की सहज २५ अंशांचा फरक मिळतो, तोही वर्षाचे बारा महिने. पुढची सगळी मापं याच फरकासाठी काढलेली आहेत.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. हे इंजिन फार तर काही मिलिवॅट शक्ती देतं. ते न चालण्याचं कारण बहुतेक वेळा उष्णता कमी पडणं हे नसतं. घर्षण आणि हवेची गळती ही खरी कारणं असतात. म्हणून प्रत्येक भाग जोडण्याआधी सुटा तपासायचा. सगळं जोडून झाल्यावर चूक शोधायला बसलात तर ती सापडत नाही.

## १. आधी मापं, मग खरेदी

दोन सपाट धातूच्या प्लेटांमध्ये हवेचा बंद डबा असतो. त्यात थर्माकोलची सैल चकती, म्हणजे डिस्प्लेसर, वर-खाली होते. ती खाली आली की हवा वरच्या उबदार प्लेटकडे जाते, तापते आणि दाब वाढतो. चकती वर गेली की हवा खाली थंड प्लेटवर येते आणि दाब उतरतो. हा दाब पॉवर पिस्टनला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या दट्ट्याला, ढकलतो नि ओढतो. शाफ्टवर फिरणारं चाक, म्हणजे फ्लायव्हील, या दोन्हींची सांगड घालतं.

रॉबर्ट स्टर्लिंग यांचं पेटंट १८१६चं, पण ते इंजिन भट्टीच्या आंचेवर चालणारं होतं. इतक्या कमी फरकावर इंजिन चालतं हे झाग्रेब विद्यापीठाच्या इव्हो कोलिन यांनी १९८३मध्ये दाखवलं. पुढे सेनफ्ट यांनी दुसऱ्या एका इंजिनात हा फरक अर्ध्या अंशापर्यंत खाली आणला. कोलिन यांचं एक सूत्र आपल्या कामाचं आहे: १,१०० या आकड्याला तापमानाच्या फरकाने भागा. डिस्प्लेसर जेवढी हवा हलवतो ती पॉवर पिस्टनने हलवलेल्या हवेच्या तितके पट हवी. २५ अंशांसाठी हे गुणोत्तर ४४ येतं.

नवशिक्याचा पिस्टन जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा मोठा असतो. मोठा पिस्टन म्हणजे जास्त ताकद, असं वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या पिस्टनला हवा दाबायलाच जास्त काम पडतं आणि तेवढा दाब थोड्या फरकातून मिळत नाही. इंजिन अर्धा फेरा मारून थांबतं.

आपली मापं अशी:

- डब्याचा आतला व्यास १४० मिमी, आतली उंची १९ मिमी
- डिस्प्लेसर: व्यास १३४ मिमी, जाडी ८ मिमी, स्ट्रोक, म्हणजे एकूण वर-खाली प्रवास, ८ मिमी (क्रँक, म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून पिनेचं अंतर, ४ मिमी)
- डिस्प्लेसर आणि प्लेट यांत वर-खाली प्रत्येकी १.५ मिमी मोकळी जागा, कडेला चारही बाजूंनी ३ मिमी
- पॉवर पिस्टनऐवजी रबरी पडदा: नळी आतून ३० मिमी, मधली टिकली २० मिमी, स्ट्रोक ५ मिमी (क्रँक २.५ मिमी)

डिस्प्लेसर साधारण ११३ घन सेंमी हवा हलवतो आणि पडदा २.५ घन सेंमी. गुणोत्तर ४५. जमलं.

## २. सामान आणि ते कुठे मिळतं

खाली दिलेल्या मुंबईतल्या बाजारांना रविवारी बहुतांश सुट्टी असते, म्हणून आठवड्यातली एक दुपार काढा. मोजायला व्हर्निअर बरोबर ठेवा, कारण दुकानात सांगितलेलं माप आणि खरं माप यांत अर्धा मिलिमीटर सहज इकडे-तिकडे असतो.

प्लेटा: २ मिमी अॅल्युमिनियम, १७० मिमी व्यासाच्या दोन चकत्या. कीका स्ट्रीट-गुलालवाडी भागात पत्र्याचे कापीव तुकडे वजनावर मिळतात.

डब्याची कडा: १५० मिमी बाहेरून, १४० मिमी आतून असा अॅक्रिलिक पाइप. १९ मिमीचं कडं लेथवर कापून घ्या. करवतीने दोन्ही कडा समांतर येत नाहीत. अॅक्रिलिक महाग वाटलं तर नळाच्या दुकानातला १६० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडाही चालतो. त्याचा आतला व्यास मोजून डिस्प्लेसर ६ मिमी लहान करा आणि प्लेटा थोड्या मोठ्या घ्या. मात्र आतलं काही दिसणार नाही, आणि पहिल्या इंजिनात आतलं दिसणं फार उपयोगी पडतं.

थर्माकोल: सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातलं पॅकिंग पुरेसं आहे. बारीक दाण्याचं, सपाट तुकड्याचं निवडा.

बेअरिंग: ६२३ नंबरची दोन (३ मिमी भोक, १० मिमी बाहेरून). नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगवाल्यांची रांगच आहे. रबरी सील असलेली घेऊ नका. उघडी किंवा पत्र्याचं झाकण असलेली मागा.

शाफ्ट, दांडा, नळी: ३ मिमी शाफ्टसाठी जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधला भिंग सरकवणारा गुळगुळीत दांडा. लॅमिंग्टन रोडला बिघडलेले ड्राइव्ह मिळतात. तिथेच रेडिओची टेलिस्कोपिक एरियल आणि एम३ नायलॉन स्क्रू (३० मिमी, सहा नग, नटांसकट) घ्या. डिस्प्लेसरच्या दांड्यासाठी सायकलची स्टेनलेस स्टीलची २ मिमी स्पोक. साधी लोखंडी स्पोक समुद्राच्या हवेत एका पावसाळ्यात गंजते, आणि गंजाचा एक ठिपकाही या इंजिनाला अडवतो.

बाकीचं: एक जुनी सीडी (हेच आपलं फ्लायव्हील), वायरिंगच्या कनेक्टर पट्टीतले तीन पितळी तुकडे (लोहार चाळीत किंवा कोणत्याही इलेक्ट्रिक दुकानात), नायट्राइल हातमोजा, सलाइनच्या सेटची नळी, क्रँकसाठी ३ मिमी अॅक्रिलिकचे तुकडे, ०.८ मिमी स्टेनलेस तार, अॅराल्डाइट, सिलिकॉन सीलंट, पॉलिश पेपर १२० ते ८०० नंबर, सिलिका जेलच्या पुड्या.

हत्यारं म्हणाल तर ड्रिल, १ ते १० मिमी बिट, गुण्या, कानस, धारदार कटर आणि दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा एवढी पुरतात.

## ३. प्लेटा आणि कडं

जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून प्लेटची आतली बाजू गोल-गोल घासा. नंतर प्लेट नुसत्या काचेवर ठेवून मागून टॉर्च मारा. प्लेटखालून उजेडाची रेघ दिसत असेल तर अजून घासावं लागेल. कड्याच्या दोन्ही कडाही तशाच काचेवर सपाट करा.

दोन्ही प्लेटा एकावर एक धरून १६० मिमी व्यासाच्या वर्तुळावर ६० अंशांनी सहा भोकं पाडा. स्क्रू कड्याच्या बाहेरून जातात. हे स्क्रू नायलॉनचेच हवेत. घरात लोखंडी आहेत म्हणून तेच लावणं हा नेहमीचा सापळा आहे. सहा लोखंडी स्क्रू वरच्या प्लेटची उष्णता थेट खालच्या प्लेटला पोचवतात आणि जो फरक मिळवायला बर्फ आणला तो तिथेच संपतो.

वरच्या प्लेटला आणखी दोन भोकं: मधोमध दांड्याच्या नळीच्या मापाचं, आणि मध्यापासून ५० मिमीवर पडद्यासाठी १० मिमीचं.

सीलंट इतक्यात लावू नका. चाचण्या होईपर्यंत कडेला व्हॅसलीनचा पातळ थर देऊन नुसते स्क्रू आवळा. डबा किमान तीनदा तरी उघडावा लागतो.

## ४. डिस्प्लेसर

चांगल्या थर्माकोलची ही चकती सव्वादोन-अडीच ग्रॅम भरते. सनबोर्ड दिसायला थर्माकोलसारखा आणि कापायला सोपा म्हणून अनेक जण तो घेतात. त्याच मापाची सनबोर्डची चकती पन्नास-साठ ग्रॅमच्या घरात जाते. तेवढं वजन हे इंजिन उचलत नाही. दुकानदार काहीही म्हणो, काट्यावर ठेवून पाहा. दांड्यासकट सगळं मिळून ५-६ ग्रॅमपर्यंत चालेल.

जाडी सारखी करायला काचेवर ८ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा, त्यांच्यामध्ये थर्माकोल ठेवा आणि पट्ट्यांवर टेकवून ताणलेली तापलेली निक्रोम तार ओढा. हे काम खिडकी उघडून करा, धूर वाईट असतो. गोल कापायला चकतीच्या मध्यात टाचणी रोवा आणि नवं ब्लेड एका जागी धरून चकती त्या टाचणीभोवती फिरवा.

फेविक्विक, स्प्रे पेंट आणि थिनरवाला कोणताही गोंद थर्माकोल विरघळवतो. अॅराल्डाइट आणि फेविकॉल चालतात. कापलेल्या कडेला पाणी मिसळलेल्या फेविकॉलचा अगदी पातळ हात द्या. मुंबईच्या दमट हवेत उघड्या दाण्यांमध्ये पाणी धरतं आणि चकती हळूहळू जड होत जाते.

थर्माकोल साधारण ७५ अंशांच्या पुढे मऊ पडून वाकायला लागतं. इंजिन उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलं तर डिस्प्लेसर फुकट जाईल.

## ५. दांडा आणि त्याची नळी

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. दांडा वरच्या प्लेटमधून आत-बाहेर करतो. तिथून हवा गळता कामा नये आणि दांडा अडकताही कामा नये. दोन्ही साधायचं तर लांब आणि नेमकी नळी लागते.

एरियलचे भाग उलगडून त्यांत स्पोक घालून पाहा. जो भाग स्पोकवर न हलता बसतो तो घट्ट आहे, आणि ज्यात स्पोक हलवल्यावर खुळखुळ आवाज येतो तो सैल. नळी उभी धरल्यावर स्पोक स्वतःच्या वजनाने सरळ खाली घसरली, पण वरचं तोंड बोटाने बंद केल्यावर घसरण्याचा वेग लगेच मंदावला, तर तो भाग बरोबर. मधलं माप मिळालं नाही तर घट्ट भाग घ्या, स्पोक ड्रिलमध्ये धरून फिरवत ८०० नंबरच्या पेपरने थोडी-थोडी उतरवा आणि दर वेळी पुसून तपासा.

घाई इथेच अंगाशी येते. फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. लांबी दुप्पट केली तर गळती फक्त निम्मी होते. म्हणून सैल नळी नुसती लांब करून निभावत नाही.

नळीचा २० मिमीचा तुकडा कापा. कापताना कड आत वळते, ती बारीक कानशीने आणि टाचणीने साफ करा. तुकडा प्लेटमध्ये अॅराल्डाइटने बसवताना स्पोक नळीतच ठेवा आणि ती प्लेटला काटकोनात आहे का हे दोन दिशांनी गुण्या लावून पाहा. १३४ मिमीच्या चकतीला दांड्याचा एका अंशाचा कलही कडेला सव्वा मिलिमीटर वर-खाली करतो. मोकळी जागा आहे दीड मिलिमीटर.

दांड्याला तेल घालू नका. तेलाने फट बंद होते हे खरं, पण पातळातलं पातळ तेलही दांड्याला ओढून धरतं आणि धूळ गोळा करतं. कोरडा, पुसलेला दांडा ठेवा. पेन्सिलीच्या शिशाची चिमूटभर पूड चालेल.

डिस्प्लेसर दांड्याला जोडताना दोन्ही बाजूंनी जाड कागदाच्या २५ मिमी टिकल्या अॅराल्डाइटने लावा. ६० मिमी स्पोक घ्या, जादाची नंतर कापता येते.

## ६. पाण्याच्या नळीची परीक्षा

क्रँक लावण्याआधी ही परीक्षा कराच. सलाइनची नळी इंग्रजी यू आकारात पुठ्ठ्यावर चिकटवा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक तोंड उघडं ठेवा आणि दुसरं बुचातून १० मिमीच्या भोकात बसवा.

गळती: नळीतलं पाणी ५ सेंमीच्या फरकावर येईल इतकी हवा आत दाबा आणि बघा. १० सेकंदांत फरक निम्म्यावर आला तर दांड्याची नळी सैल आहे किंवा कडेला गळती आहे. दांड्याच्या नळीच्या तोंडाला क्षणभर ग्रीस लावा. तरीही पाणी उतरत असेल तर दोष कडेचा. या चाचणीत प्लेटांना हात लावू नका. आतली हवा एका अंशाने तापली तरी दाब साडेतीन सेंमी पाण्याइतका वाढू शकतो आणि गळती झाकली जाते.

उष्णता: आता खालची प्लेट बर्फाच्या चुऱ्यावर पाच मिनिटं ठेवा आणि दांडा बोटांनी वर-खाली करा. पाणी दांड्याबरोबर डोलायला लागेल: दांडा खाली की दाब वर, दांडा वर की दाब खाली. डोलणं ८-१० सेंमी असेल तर इंजिनात जीव आहे, पुढे जा. ते ३ सेंमीच्या आत असेल तर एक तर गळती राहिलीय, नाहीतर डिस्प्लेसर फार लहान कापला गेलाय आणि हवा प्लेटांशी न भिडता कडेने निसटतेय. हे न सोडवता फ्लायव्हील लावण्यात अर्थ नाही.

## ७. पडदा

वरच्या प्लेटच्या १० मिमी भोकावर बसणारी नळी आतून ३० मिमी आणि १५ मिमी उंच घ्या, आणि नायट्राइल हातमोज्याच्या तळव्याचा तुकडा तिच्या तोंडावर ठेवा. मधोमध वरून आणि खालून २० मिमीच्या पातळ प्लास्टिकच्या टिकल्या लावा आणि वरच्या टिकलीवर तारेची छोटी कडी. बाहेरची कड दोरा गुंडाळून बांधा.

पडदा ताणलेला असेल तर इंजिन फिरणार नाही. टिकली बोटाने अडीच मिमी वर आणि अडीच मिमी खाली नेताना रबराचा ताण अजिबात लागता कामा नये, नुसती सुरकुती सुटली-पडली पाहिजे. बांधण्याआधी टिकली ३ मिमी खाली दाबून ठेवा म्हणजे आपोआप तेवढं रबर सैल राहतं. फुगा वापरू नका. तो जाड असतो आणि लॅटेक्स उन्हा-हवेत महिन्याभरात चिरायला लागतं.

## ८. बेअरिंग, क्रँक, फ्लायव्हील

नव्या बेअरिंगमधलं ग्रीस या इंजिनाला फार जड पडतं. पत्र्याचं झाकण टाचणीने काढा, बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा, दोन-तीनदा बदला आणि वाळवा. गॅसपासून लांब, खिडकीपाशी. त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब टाका. अगदी कोरडी ठेवली तर मुंबईच्या हवेत गंजतात.

दोन अॅक्रिलिकचे खांब वरच्या प्लेटवर ३६ मिमी अंतराने उभे करा, शाफ्टचा मध्य प्लेटपासून ७५ मिमी वर. सीडी दोन खांबांच्या मध्ये. शाफ्टचं एक टोक बरोबर डिस्प्लेसरच्या दांड्यावर, दुसरं पडद्यावर यायला हवं. क्रँकच्या अॅक्रिलिक चकत्या आणि सीडी कनेक्टरच्या पितळी तुकड्यांवर अॅराल्डाइटने बसवा. त्या तुकड्यातला स्क्रू सैल केला की क्रँकचा कोन हवा तसा फिरवता येतो, ही फार मोठी सोय आहे.

पडद्याच्या क्रँकवर २, २.५ आणि ३ मिमी अंतरावर भोकं पाडा, पण वेगवेगळ्या दिशांना, नाहीतर ती एकमेकांत मिसळतील. भोक बदललं की कोन पुन्हा लावायचा.

कनेक्टिंग रॉड (क्रँकला दांड्याशी आणि पडद्याशी जोडणाऱ्या तारा) जोडण्याआधी सीडीला टिचकी मारा. ती किमान एक मिनिट फिरली पाहिजे आणि थांबताना हलकेच मागे-पुढे झुलून थांबली पाहिजे. पंधरा सेकंदांत थबकली तर बेअरिंग पुन्हा धुवा, किंवा खांब एका रेषेत आहेत का पाहा.

कनेक्टिंग रॉड ०.८ मिमी तारेचे, डिस्प्लेसरचा साधारण ५० मिमी, पडद्याचा जागेवर मोजून. सांध्यांची भोकं पिनेपेक्षा दोन दशांश मिलिमीटर मोठी ठेवा. सैल सांधा थोडा टकटक करेल, पण घट्ट सांधा इंजिन थांबवेल.

कोन ९० अंशांचा: डिस्प्लेसर अगदी खाली असताना पडदा आपल्या प्रवासाच्या बरोबर मध्यावर हवा. कोणता पुढे, कोणता मागे याची चिंता नको, त्याने फक्त फिरण्याची दिशा ठरते. बर्फ खाली ठेवून एका दिशेने फिरणारं इंजिन गरम पाण्यावर ठेवलं की उलटं फिरतं, ते बरोबरच आहे.

शेवटी तोल. साडेपाच ग्रॅमचा डिस्प्लेसर ४ मिमी क्रँकवर म्हणजे २२ ग्रॅम-मिमी. सीडीवर मध्यापासून ५० मिमीवर, डिस्प्लेसरच्या क्रँकपिनेच्या विरुद्ध बाजूला, ०.४ ग्रॅम लावलं की तोल साधतो. एम३चा एक लोखंडी नट जवळपास तेवढ्याच वजनाचा असतो. सीडी कुठेही सोडली तरी तिथेच थांबली की झालं.

## ९. पहिली फेरी

आता डबा सीलंटने बंद करा. त्याआधी सगळे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा आणि जमलं तर एसी खोलीत बंद करा. जून ते सप्टेंबर हे फार महत्त्वाचं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे बर्फावरची प्लेट आतूनही लगेच ओलावते. डब्यातल्या हवेत पाणी फक्त चार-पाच मिलिग्रॅम असतं, पण दांड्याच्या फटीतून हवा सतत ये-जा करते आणि नवं बाष्प आणते. हा ओलावा साचून डिस्प्लेसर खालच्या प्लेटला चिकटला की इंजिन थबकतं. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर बर्फावरून उतरवून ठेवा आणि कोरडं होऊ द्या.

सपाट काठाच्या स्टीलच्या वाडग्यात बर्फाचा चुरा काठोकाठ भरा आणि थोडं पाणी घाला. अख्ख्या खड्यांवर प्लेट पाच-सहा ठिकाणीच टेकते, मध्ये हवा राहते. चुरा आणि पाणी यांनी ती पूर्ण भिजली पाहिजे. बर्फ जसा वितळेल तसा वर भरत राहा. पाच मिनिटं थांबा, पंखा बंद करा, मग सीडीला हलकी टिचकी मारा. नाही फिरलं तर उलट दिशेने मारा.

## १०. फिरत नसेल तर

दोन्ही दिशांना टिचकी मारून फेरे मोजा. एका दिशेला आठ आणि दुसरीला तीन असतील तर इंजिन काम करतंय, फक्त घर्षण जास्त आहे. सांधे, पडदा, दांडा या क्रमाने पाहा. दोन्हीकडे सारखेच फेरे होत असतील तर दाबच तयार होत नाहीये. सहाव्या पायरीवर परत जा.

नेहमी एकाच जागी थांबत असेल तर तोल बिघडलाय किंवा तिथे काहीतरी घासतंय. दर फेऱ्याला टक् आवाज येतो तो डिस्प्लेसर प्लेटला लागल्याचा. कनेक्टिंग रॉडची लांबी अर्धा-एक मिमी बदला. नीट चालून दहा-पंधरा मिनिटांनी मंदावत असेल तर वरची प्लेट थंड झालीय. तिला हात लावून पाहिलं की कळतं. खिडकीतल्या उन्हात ठेवा, किंवा वरची प्लेट मॅट काळी रंगवा. टेबलफॅन लावण्याचा मोह होतो, पण त्याचा झोत सीडीला अडवतो.

## ११. चालल्यावर काय करून पाहायचं

दोन्ही प्लेटांवर मत्स्यालयाच्या थर्मामीटरचा एकेक सेन्सर टेपने लावा आणि बर्फ वितळू द्या. इंजिन कोणत्या फरकाला थांबतं ते लिहून ठेवा. मग पडद्याचा क्रँक २ मिमीच्या भोकात लावून तेच पुन्हा करा. सूत्राप्रमाणे स्ट्रोक ४ मिमी केला की इंजिन १९ अंशांच्या फरकाला साजेसं होतं, ६ मिमी केला की २९ अंशांच्या. बर्फात मीठ घातलं तर प्लेट शून्याच्या खाली जाते आणि ६ मिमीचा स्ट्रोक तेव्हा उपयोगी येतो. एसी खोलीत २२ अंशांवर, लहान स्ट्रोक लावून, तळहाताचाही प्रयोग करून पाहा.

नंतरची मोठी सुधारणा म्हणजे पडद्याच्या जागी काचेची सिरिंज. प्रिन्सेस स्ट्रीटला मिळते. काचेचा दट्ट्या काचेच्या नळीत जवळपास घर्षणाशिवाय सरकतो. नळी ४५ मिमी आणि दट्ट्या २५ मिमी कापावा लागतो: डायमंड चकती, सतत पाण्याची धार, चष्मा आणि मास्क. कोरडी काच कापू नका. १५ मिमी आतला व्यास असेल तर १३ मिमी स्ट्रोकला २.३ घन सेंमी मिळतात, म्हणजे २२ अंशांसाठी ठीक. दट्ट्या जड असतो, त्याचा तोल वेगळा साधायचा.

इंजिनाची शक्ती मोजायचीही सोपी रीत आहे. सोळा ग्रॅमच्या सीडीत मिनिटाला ६० फेऱ्यांना सुमारे ०.६ मिलिज्यूल ऊर्जा साठते, १२० फेऱ्यांना २.३. कनेक्टिंग रॉड काढून सीडी जोरात फिरवा, मोबाइलवर स्लो मोशन चित्रण करा आणि १२० वरून ६० वर यायला लागलेले सेकंद मोजा. १.७ मिलिज्यूलला त्या सेकंदांनी भागलं की बेअरिंग आणि हवा मिळून किती मिलिवॅट खातात ते कळतं. मग सगळं जोडून, बर्फावर ठेवून, ६० वरून १२० वर चढायला लागणारा वेळ मोजा. १.७ला त्या वेळाने भागून आलेल्या आकड्यात आधीचा आकडा मिळवला की सांधे आणि दांडा यांचं घर्षण वजा जाता इंजिन जे देतं ते मिळतं. बेअरिंग धुतल्यावर, दांड्याची नळी बदलल्यावर, पडद्याजागी सिरिंज बसवल्यावर ही दोन्ही मापं पुन्हा घेऊन वहीत तारखेसह आणि खोलीच्या तापमानासह लिहीत चला.